नांदेड की लातूर? आधी गिऱ्हाईक बघा

गाव सोडून धंदा टाकायचाय, पण नांदेडला की लातूरला? माझं मत स्पष्ट आहे. शहर नंतर, गिऱ्हाईक आधी ठरवा.

नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे. पार पंजाबातून यात्रेकरू येतात. त्यांना नाश्ता लागतो, प्रवासाचं सामान लागतं. लातूरला शिकवणीची पोरं असतात. तिथे मेस, झेरॉक्स, लाँड्री चालते, पण सुट्ट्यांत गल्ला आटतो.

पाण्याचाही विचार करा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मेस काढणार असाल तर टँकरचा खर्च आधीच हिशोबात धरा.

डिपॉझिट देण्याआधी आठ दिवस त्या गल्लीत थांबा, सकाळ-संध्याकाळ माणसं मोजा. घाई दलालाला असते, पुंजी मात्र तुमची असते.