गिअरबॉक्स उघडायच्या आधी तेल बघा

आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. पण मुद्दा आपलाच आहे.

माझी गाडी जुनी, ऑटोमॅटिक. ‘डी’ला टाकली की दोन-तीन सेकंद नुसती थांबायची, मग झटका देऊन निघायची. चढाला इंजिन ओरडायचं, गाडी काही पळायची नाही. गॅरेजवाल्यानं बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, गिअरबॉक्स गेला, ६० हजार लागतील. इकडं पेरणी तोंडावर. बी-खताचे पैसे तिकडं घालायचे का?

दुसऱ्या मिस्त्रीनं गाडी सपाट जागेवर लावली, इंजिन गरम करून चालूच ठेवलं आणि गिअर ऑइलची पट्टी ओढली. तेल लाल होतं, जळका वास नव्हता, पण कमी होतं. सील गळत होतं. सील बदललं, पुस्तकात लिहिलेलंच तेल भरलं. झटका गेला.

तेल काळं आणि जळक्या वासाचं असेल तर आतल्या प्लेटा झिजल्यात असं समजा. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तिथं खर्च टळत नाही. काही गाड्यांत पट्टी इंजिन बंद करून बघतात, काहींना पट्टीच नसते, पुस्तक वाचा. एएमटी असेल तर क्लच प्लेट आधी तपासा.

पान पिवळं दिसलं की आपण युरिया फेकतो, मुळाशी पाणी साचलंय का ते बघत नाही. माझं मत एवढंच: मिस्त्री असो की औषध दुकानदार, खर्च सांगितला की आधी विचारा, “तपासलं काय?”