कच्च्या कडीची बाजू

साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच, हे वाक्य अभियांत्रिकीच्या वर्गात इतक्या वेळा ऐकवलं जातं की त्याला पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. रबरालाही ते बिनदिक्कत लावलं जातं. रबर म्हणजे लांबलचक रेणुसाखळ्यांचं, जागोजागी आडव्या बंधांनी सांधलेलं जाळं. ताणलं की त्यातला सर्वांत कच्चा बंध तुटतो, भेग जरा पुढे सरकते, मग पुढच्याची पाळी. तेव्हा दणकट रबर हवं असेल तर बंध पक्के करा आणि वाढवा. पूर्वपक्ष हा असा. लोखंडी साखळीपुरता तो खरा आहे. रबराच्या बाबतीत मात्र पहिल्याच पायरीवर घसरतो.

आधी हिशेब मांडू. एक कार्बन-कार्बन बंध तोडायला किती ऊर्जा लागते हे ठाऊक आहे. भेगेच्या पातळीला छेदून जाणाऱ्या साखळ्या किती, याचाही अंदाज बांधता येतो. दोहोंचा गुणाकार केला तर चौरस मीटरभर भेग उघडायला एखादा ज्यूल पुरायला हवा. प्रत्यक्षात रबर तापवून, द्रावकात फुगवून, अगदी संथपणे फाडलं, म्हणजे आतलं घर्षण जवळजवळ काढून टाकलं, तरी सुमारे ५० ज्यूल लागतात. एरवी नैसर्गिक रबराला हजारो. एवढी तफावत मोजमापातल्या चुकीच्या पदरात टाकता येत नाही.

या ५० ज्यूलांचा उलगडा लेक आणि थॉमस यांनी १९६७ साली केला. दोन आडव्या बंधांमधल्या साखळीच्या तुकड्यात शेकडो बंध असतात. त्यातला एक तुटायचा तर आधी सगळेच तुटण्याच्या बेतापर्यंत ताणले जावे लागतात. तुटतो एकच, पण बाकीच्यांत साठलेली ऊर्जाही त्याच क्षणी उष्णता होऊन वाया जाते. चिवटपणा येतो तो या वाटून घेतलेल्या ओझ्यातून. मग आडवे बंध वाढवले की काय होणार? मधले तुकडे आखूड होणार, ओझं वाटून घेणारे कमी होणार आणि रबर अधिक सहज फाटणार. गंधक वाढवत नेलं की लवचीक रबराचं कडक एबोनाइट होतं, हे कारखान्यांना या सिद्धांताच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

इथवर रबरशास्त्रज्ञ माझ्या बाजूचे. पण त्यांच्यातही एक समजूत अनेक दशकं ठाण मांडून होती: बंध तुटतात ते भेगेच्या रेषेवरच, आणि वरचे हजारो ज्यूल म्हणजे साखळ्या एकमेकींवर घासल्याचा खर्च. दोन खाती, दोन वेगळ्या वह्या. सोयीची मांडणी, पण तुटलेला बंध दिसत नव्हता तोवरच टिकणारी. २०१४ साली पॅरिसच्या कोस्तांतिनो क्रेतॉं आणि सहकाऱ्यांनी तुटताना प्रकाश सोडणारे बंध जाळ्यात गुंफले. भेगेच्या टोकाभोवतीचा पट्टाच उजळताना दिसला. २०२० मध्ये याच गटाने तुटल्यावर चमकू लागणारे रेणू साध्या रबरात घालून मोजदाद केली. भेगेपासून शेकडो मायक्रोमीटरपर्यंत बंध तुटलेले होते. तापमान आणि वेग बदलला की तुटलेल्यांची संख्या शंभरपटीपर्यंत बदलत होती. घर्षण आणि बंधभंग एकमेकांत गुंतलेले निघाले. वह्या वेगळ्या ठेवण्यात आता अर्थ नाही.

आता मंडन. कच्चा बंध नेमक्या जागी असेल तर त्याचं तुटणंच पदार्थाला वाचवतं. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात ज्यान पिंग गोंग यांच्या गटाने २००३ मध्ये दोन जाळी एकमेकांत विणून जेल केलं: एक ताठ आणि ठिसूळ, दुसरं सैल आणि लांब. पहिलं ठिकठिकाणी तुटत राहतं, दुसरं धरून ठेवतं. मुख्यतः पाण्याचं असूनही ते जेल सहजी फाटत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक आणि एमआयटीच्या संशोधकांनी तर पूर्वपक्षावर थेट घाव घातला. लांब साखळ्यांना सांधणारे आडवे बंध त्यांनी मुद्दाम कमजोर केले. भेग त्या कच्च्या सांध्यांतूनच वाट काढू लागली, लांब साखळ्या वाचल्या, आणि पुढे सरकायला भेगेला कितीतरी अधिक सांधे तोडावे लागले. फाटण्याला होणारा विरोध नऊपटीपर्यंत वाढला.

विरोधकाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. बळी गेलेला बंध परत येत नाही. त्याचा उपयोग एकदाच. पदार्थ लाखो वेळा ताणला गेला तर हे कवच झिजतं आणि शेवटी लेक-थॉमस यांच्या किमान मर्यादेशीच गाठ पडते. मान्य. पण तिथेही पक्क्या बंधांची संख्या वाढवून उपयोग नाही, कारण ती मर्यादाच साखळीच्या लांबीने वाढते. लांबी वाढवली की पदार्थ लिबलिबीत होतो, ही अडचण हार्वर्डच्या झिगांग सुओ यांच्या गटाने २०२१ मध्ये सोडवली. त्यांनी आडवे बंध अगदी मोजके ठेवले आणि लांब साखळ्या एकमेकींत भरपूर गुंतू दिल्या. कडकपणा गुंत्याने दिला, चिवटपणा लांबीने. पूर्वपक्षाची सारी भिस्त ज्या बंधांवर होती, ते त्यात नावापुरते उरले होते.