मनाच्या आजाराची किंमत

पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या कारकुनाला भेटायला निम्मी कचेरी जाते. तोच कारकून मनाच्या आजाराने महिनाभर घरी राहिला तर रजेच्या अर्जावर पोटाच्या दुखण्याचे कारण लिहिले जाते. समाजाची ही दृष्टी बदलली पाहिजे, असे सर्वच म्हणतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. दृष्टी बदलली आणि उपचाराची सोय मात्र शंभर मैलांवरच राहिली, तर रुग्णाच्या पदरात काय पडणार?

बंगळूरच्या 'निम्हन्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसून आले. उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के इतके होते. या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता; पण तेवढ्यावरून येथील चित्र निराळे असेल असे मानण्यास आधार नाही.

मानसिक आजार म्हटला की रस्त्यावर स्वतःशी बडबडत हिंडणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः सर्वाधिक आढळणारे विकार याहून फार साधे दिसतात. नैराश्याचा रुग्ण कामावर जातो, हसतोही. पण झोप उडालेली असते, कशातच रस वाटत नाही आणि आपण निरुपयोगी आहोत ही भावना आठवडेच्या आठवडे पाठ सोडत नाही. चिंताविकारात छाती धडधडते, जीव घुसमटतो आणि हृदयाच्या तपासण्या निर्दोष निघतात. मंत्रचळात तेच ते हात धुणे थांबत नाही. भास आणि भ्रम निर्माण करणारी छिन्नमनस्कता यांहून विरळ, परंतु अधिक गंभीर. यांपैकी एकही विकार आळसातून किंवा दुबळ्या स्वभावातून आलेला नसतो. 'मन घट्ट कर' हा उपदेश म्हणूनच मोडलेल्या पायाला 'चाल' म्हणण्यासारखा आहे.

उपचार मात्र आहेत. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. नेमके याच दोन टप्प्यांवर पुष्कळ रुग्ण औषध सोडून देतात. सौम्य नैराश्यात आणि चिंताविकारात विचारांच्या घातक सवयी ओळखून त्या बदलायला शिकविणारी मानसोपचारपद्धती गुणकारी ठरते. छिन्नमनस्कतेत औषध दीर्घकाळ घ्यावे लागते, आणि त्याच्या जोडीला कुटुंबाची समजूत व हाताला काम यांचीही गरज असते.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. नेहमीची बहुतेक औषधे फार महाग नाहीत. महाग आहे ते त्यांच्यापर्यंत पोहोचणे. खेड्यातल्या रुग्णाला एकटे पाठविता येत नाही, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खेपेत दोन माणसांची मजुरी बुडते, वर एस.टी.चे भाडे. याच सर्वेक्षणानुसार उपचार आणि प्रवास यांपायी कुटुंबांना महिन्याला साधारणतः १,००० ते १,५०० रुपये पदरचे मोजावे लागत होते. मजुरीवर जगणारे घर हा भार किती महिने सोसणार? मग खंड पडतो, आजार उलटतो, आणि गावाचा निष्कर्ष ठरलेला असतो : 'या रोगाला औषध नाही.' जी लाज उपचाराच्या आड येते असे आपण म्हणतो, ती अशा फसलेल्या उपचारांतूनही वाढत असते.

शासनाला हे ठाऊक नव्हते असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि जिल्हा पातळीवरील योजना १९९६ मध्ये ४ जिल्ह्यांपासून. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने तर उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सदैव विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण दिले पाहिजे, हेही त्यातच आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवाही सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मात्र दूरध्वनीवरून धीर मिळतो, वाट कळते. महिन्याची औषधाची पुडी मिळत नाही.

देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, ही अडचण खरी. ती एका वर्षात दूर होणार नाही. परंतु निदान एकदा झाल्यावर औषध पुढे चालू ठेवणे आणि रुग्णाची विचारपूस करणे हे काम प्रशिक्षित साधा डॉक्टर व परिचारिका करू शकतात. त्यासाठी नवी इमारत नको. साठ्यात औषध हवे आणि चुकलेल्या रुग्णाची नोंद ठेवणारी वही हवी.

जागृतीची व्याख्याने अवश्य व्हावीत. पण ज्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना या प्रश्नाची कळकळ आहे, त्यांनी एकदा आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील औषधाच्या खिडकीशी जाऊन नैराश्याची आणि छिन्नमनस्कतेची कोणती औषधे आज शिल्लक आहेत, एवढेच विचारावे. कायदा कागदावरून किती पुढे सरकला आहे, ते त्या उत्तरावरून कळेल.