शाश्वततेची पदवी म्हणजे काय?

‘मुलीला सस्टेनेबिलिटीत एम.ए. करायचे आहे. ती नेमके काय शिकणार? आणि पुढे पोटापाण्याचे काय?’ वरणगावच्या एका व्यापारी बंधूंचा हा प्रश्न आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेससारख्या नामवंत संस्थेत हा विषय शिकवला जातो. मराठीत त्याला शाश्वतता म्हणतात. आपल्या कानांना ‘शाश्वत’ म्हटले की मोक्षसुख आठवते! येथे अर्थ एवढाच, की मुद्दल न मोडता व्याजावर संसार चालवणे.

डाळ मिलचे उदाहरण घ्या. वीजबिल खर्ची टाकले की आपला जमाखर्च संपतो. ही मुलगी तेथून पुढे लिहू लागते. दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात कोळशापासून एक युनिट वीज काढताना सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राख उरते ती निराळीच. अशी १०,००० युनिट वीज वापरणाऱ्या मिलच्या नावे १० टन! बँकेत असताना मी पुष्कळ ताळेबंद तपासले. त्यांत हा आकडा कधी नसे.

आता तो मागितला जातो. ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला. तो भरायला हिशेब जाणणारी माणसे लागतात. नोकरी आहे ती येथे.

मात्र नुसत्या नावावर शैक्षणिक कर्ज काढू नये. अभ्यासक्रमात सांख्यिकी, लेखांकन आणि कारखान्यातील प्रत्यक्ष काम आहे का, हे आधी पाहावे. केवळ पर्यावरणावरची व्याख्याने असतील, तर शुल्क कितीही कमी असो, दुसरे महाविद्यालय शोधावे.