प्रश्नचिन्ह खोडू नका!

मित्रांनो, तुमची ताई किंवा दादा बी.एस्सी.ला असेल, तर 'रिव्ह्यू पेपर' हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. जीवशास्त्राच्या बाई सांगतात, "एक विषय घ्या, त्यावर आजवर झालेलं संशोधन वाचा आणि आढावा लिहा." प्रयोग नाही, चिरफाड नाही. मग काय, सोप्पं! दहा शोधनिबंध मिळवायचे आणि त्यांचे सारांश एकाखाली एक उतरवायचे.

छे, ती झाली वाण्याची यादी! आढावा लिहायचा म्हणजे त्या दहाजणांना एका सतरंजीवर बसवायचं, सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा आणि कोणाचं कोणाशी पटत नाही ते नीट ऐकायचं.

उदाहरणच घेऊ. 'गिधाडे' हा विषय फार मोठा. त्यापेक्षा 'भारतातली गिधाडं कशानं मेली?' असा प्रश्न घ्या. गावाकडच्या आजोबांना विचारा, पूर्वी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा. नव्वदीच्या दशकात ती झपाट्यानं कमी झाली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातली ही घट विभू प्रकाश यांनी 1999 साली शोधनिबंधात मांडली. गिधाडं कमी झाली हे कळलं, पण का?

2003 साली एक निबंध आला. त्यातल्या शास्त्रज्ञांना संशय होता साथीच्या रोगाचा. पण गंमत पाहा, त्यांच्या शीर्षकाच्या शेवटी चक्क प्रश्नचिन्ह होतं! घाईघाईनं उतरवून घेणारा नेमकं तेच गाळतो आणि त्यांची शंका याच्या वहीत सिद्धान्त होऊन बसते.

पुढच्याच वर्षी 'नेचर' या नियतकालिकात पाकिस्तानातल्या गिधाडांवरचा निबंध छापून आला. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेली 25 गिधाडं तपासली, तर पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या 13 पक्ष्यांत ते एकातही नव्हतं. हे औषध गुरांना देत असत. असं जनावर मेलं की मांसाबरोबर औषधही गिधाडाच्या पोटात जायचं.

आता जरा थांबा. औषध सापडलं म्हणजे तेच कारण, असं लगेच म्हणता येतं का? नाही. म्हणून त्यांनी औषध दिलेल्या जनावरांचं मांस बंदिस्त ठेवलेल्या गिधाडांना खाऊ घालून पाहिलं. तीही तशीच मेली! आढाव्यात या निबंधाला जास्त जागा द्यायची ती यासाठी, 'नेचर'चं नाव मोठं आहे म्हणून नव्हे.

तरी एक शंका उरतेच. पाकिस्तानातलं उत्तर भारताला लागू पडेल का? 2004 मध्येच आणखी एका निबंधात भारत आणि नेपाळमधले मेलेले पक्षी तपासले गेले. तिथंही तोच प्रकार! 2006 साली भारतानं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरं औषध गिधाडांना घातक नसल्याचं एका निबंधानं दाखवलं.

पाहिलंत? प्रत्येक निबंध आधीच्याला काहीतरी उत्तर देतोय. हे धागे जुळावेत म्हणून ताईला एक युक्ती सांगा. पोस्टकार्डाएवढे कागद कापायचे आणि दर निबंधाला एक कागद द्यायचा. त्यावर प्रश्न काय होता, कसं तपासलं, किती नमुने होते, काय आढळलं आणि काय राहून गेलं, एवढंच टिपायचं. मग निबंध मिटून ठेवायचे आणि कागद टेबलावर मांडून आपल्या भाषेत लिहायचं. निबंध उघडा ठेवून लिहिलं, तर त्यातली वाक्यं हळूच आपल्या वहीत शिरतात, आणि बाईंना ती बरोब्बर ओळखू येतात!

यातला 'काय राहून गेलं' हा रकाना मात्र कोरा सोडू नका. डायक्लोफेनॅक गेलं, पण गुरांना देतात ती बाकीची वेदनाशामकं? त्यांचं काय? अॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन ही दोन औषधं जनावरांसाठी बंद व्हायला 2023 साल उजाडलं. म्हणजे 2006 च्या बंदीपाशी संपणारा आढावा आज ताईच्या बाई परत पाठवणार, हे नक्की.