नाण्याची साक्ष

लक्ष्मीपूजनाला घरोघरी पाटावर जुने रुपये मांडले जातात. चिंचेने घासून लख्ख केलेला एखादा राणीछाप, एखादा पंचम जॉर्जचा, आणि शेजारी बँकेतून आणलेली नवी कोरी नाणी. समजा, हा डबा जमिनीत गडप झाला आणि हजार वर्षांनी कोणी उकरला, तर त्याने काळ कोणता ठरवावा? राणीछाप पाहून तो 'व्हिक्टोरियाचा काळ' म्हणाला, तर फसलाच. डब्यातले सर्वांत नवे नाणे ज्या सालचे, त्या सालाआधी डबा पुरला गेला नाही, एवढेच त्याला छातीठोकपणे सांगता येईल. नंतर किती वर्षांनी पुरला, ते नाणे सांगत नाही.

थडग्यातल्या नाण्याची साक्षही एवढीच असते. ऐन दिवाळीत थडग्यांचा विषय काढला म्हणून गृहिणींनी रागावू नये. लक्ष्मी तिथेही असते!

ग्रीक लोक मृताच्या तोंडात एक लहानसे नाणे ठेवीत. पाताळातली नदी पार करून देणाऱ्या कॅरन नावाड्याचे ते भाडे. आपल्याकडे वैतरणी गाईचे शेपूट धरून तरायची असल्याने सुट्या पैशांची अडचण नाही. इंग्लंडात सटन हू येथे १९३९ साली एका टेकाडाखाली सातव्या शतकात पुरलेल्या अख्ख्या जहाजाचा मागमूस लागला. त्यात सोन्याची ३७ नाणी, ३ कोऱ्या चकत्या आणि २ लहान लगडी होत्या. नाणी सगळी निरनिराळ्या टांकसाळींची. म्हणजे कोणीतरी ती निवडून घेतली होती. चाळीस वल्हेकऱ्यांची मजुरी आणि लगडी सुकाणूवाल्याच्या, असा एक तर्क आहे. तर्कच तो, पण कोऱ्या चकत्या घालून चाळिसाची भरती करणारा माणूस मोठा हिशेबी असला पाहिजे.

महाराष्ट्रात मात्र असा शोध घेणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. इनामगावला घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुले सापडली. नागपूरकडे जुनापाणी, माहुरझरी येथे दगडांच्या वर्तुळांत दफने सापडली. पण ती माणसे नाण्यांच्या आधीची. दहनाची चाल पडल्यावर तर प्रश्नच मिटला. मृताच्या तोंडी तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवला, तरी तो राखेबरोबर नदीत जातो.

थडग्याच्या जवळचे म्हणावे असे एक उदाहरण आहे ते सोपाऱ्याचे, आणि तेही वैतरणा नदीच्याच मुलखात! तिथल्या एका टेकाडाला लोक 'बुरुड राजाचे कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणले, तो निघाला बौद्ध स्तूप. पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा, मग सोन्याचा. आणि अगदी आत मातीच्या पात्राचे १३ बारीक तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. या ऐवजात चांदीचे एक नाणे होते. यज्ञश्री सातकर्णीचे, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि न झिजलेले. न झिजलेले नाणे फार हातांतून फिरलेले नसते. तेव्हा ठेव त्याच सुमाराची, असे कोणालाही वाटावे.

पण करंड्याभोवती मैत्रेयासह आठ बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या, आणि त्यांची घडण अभ्यासकांना आठव्या-नवव्या शतकातली दिसली. सहाशे वर्षांचे अंतर! म्हणजे इतक्या पिढ्यांनंतर कोणीतरी पेटी उघडली, मूर्ती बसवल्या आणि जुने नाणे पुन्हा आत राहू दिले, असे दिसते. त्या अनामिकाचे मला फार कौतुक वाटते. नाणे एकटेच सराफ्यात आले असते, तर ही हकीकत कोणाला कळती?

जाता जाता सांगतो, यज्ञश्रीच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत लेख असतो, दुसरीकडे द्राविडी वळणाचा. 'सिरि'चे तिथे 'हिरु' होते. भाषेच्या मास्तराला चांदीपेक्षा हा 'हिरु' मोलाचा.

आमच्या जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या दानलेखांत इथल्या माणसांचा उल्लेख आहे. केळना नदीकाठच्या पांढरीत १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले, त्यात सातवाहनांची नाणी मिळाली. कोणते नाणे कोणत्या थरातले, याची तिथे नोंद झाली. नांगराला लागलेल्या नाण्याची कोण करणार? दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन कलेक्टरला कळवावे, असा १८७८ सालचा कायदा आहे; पण गावात कलेक्टरपेक्षा सोनार जवळ असतो.

गेल्या वर्षी त्या बाजूचा एक विद्यार्थी तांब्याचे नाणे घेऊन आला. एका अंगाला सोंड वर केलेला हत्ती. नाणे चिंचेने इतके घासले होते की अक्षरे निम्मी गेलेली.

"सर, किती जुनं असंल?"

"हत्तीवरून सातवाहनांचं दिसतं. पण हे सापडलं कुठं? शेतात, विहिरीत, का एखाद्या जुन्या थडग्याजवळ? बरोबर मणी, खापरं काही होती?"

"ते आजोबालाच ठाऊक होतं, सर."