गुप्त मतदान कोणापासून गुप्त?

१२ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र विधान परिषदेच्या अकरा जागांचा निकाल लागला. बारा उमेदवार रिंगणात होते. महायुतीचे नऊच्या नऊ निवडून आले. काँग्रेसच्या प्रज्ञा सातव आणि ठाकरे गटाचे मिलिंद नार्वेकर जिंकले, तर शरद पवारांच्या पक्षाचा पाठिंबा असलेले शेकापचे जयंत पाटील १२ मतांवर अडकले. कोटा २३ मतांचा होता. लोकसभेत ४८ पैकी १७ जागांवर घसरलेल्या महायुतीच्या बाजूने वारे फिरले, असा अर्थ काहींनी लगेच काढला. या निवडणुकीत मतदार होते २७४, तेही बहुतेक २०१९ सालच्या जनादेशावर बसलेले. त्यांच्या मतपत्रिकांतून जनतेचा कल शोधण्यात अर्थ नाही. शोधायचे ते दुसरेच: काँग्रेसची म्हणून धरलेली सात-आठ मते कुठे गेली?

ते कधीच कळणार नाही, कारण मतदान गुप्त होते. या गुप्ततेचे समर्थन करणारे एक भारदस्त वाक्य आपल्याकडे तयारच असते: गुप्त मतदान हा लोकशाहीचा आत्मा आहे. असेलही, पण कोणाच्या मतदानाचा? शेतमजुराला जमीनदाराची, कर्जदाराला सावकाराची, कामगाराला मालकाची भीती न बाळगता बटण दाबता यावे, म्हणून गुप्तता आली. ती दुबळ्याचे कवच आहे. आमदार मात्र इथे स्वतःचे मत देत नसतो. तो लाखो मतदारांच्या वतीने मत देतो, आणि ते नेमके त्यांच्यापासूनच लपवतो. नोकराने मालकापासून हिशेब लपवावा आणि त्याला स्वातंत्र्य म्हणावे, तशातला हा प्रकार.

काही जण घटनेचा आधार घेतात. घटना उघडून पाहावी. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकीसाठी अनुच्छेद ५५ व ६६ मध्ये गुप्त मतदान स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. विधान परिषदेच्या अनुच्छेद १७१ मध्ये एकल संक्रमणीय मताची पद्धत सांगितली आहे, गुप्ततेचा शब्दही नाही. राज्यसभेसाठी तर संसदेने २००३ मध्येच लोकप्रतिनिधित्व कायदा बदलून खुले मतदान आणले आणि कुलदीप नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते वैध ठरवले. तोच आमदार राज्यसभेसाठी खुले मत देतो आणि विधान परिषदेसाठी झाकलेले. दोन्हींत काय फरक आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

‘अंतरात्म्याचा आवाज’ हे दुसरे समर्थन. १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीपासून हा शब्दप्रयोग आपल्या राजकारणात मुरला आहे. अंतरात्मा बोलला असेल तर तो उजेडात बोलू दे की! २० जून २०२२ च्या विधान परिषद निवडणुकीत काँग्रेसने पहिल्या पसंतीचे ठरवलेले चंद्रकांत हंडोरे पडले आणि दुसरे उमेदवार भाई जगताप निवडून आले. विधानसभेत १०६ आमदार असलेल्या भाजपने पाचही उमेदवार निवडून आणले. हंडोरेंना मत नाकारणाऱ्या एकाही अंतरात्म्याने पुढे येऊन आपले कारण सांगितले नाही. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेकडे निघाले. त्या बंडाचे समर्थन करा की निषेध, निदान ते उघड होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमदारांच्या झाकल्या मुठीचा भाव काय असतो, म्हणून मतदानाआधी त्यांना पंचतारांकित हॉटेलांत सांभाळून ठेवावे लागते, हे वाचकांना माझ्याकडून ऐकायची गरज नाही.

खरा आक्षेप तिसरा आहे आणि तो वजनदार आहे. मतदान खुले केले की आमदार पक्षश्रेष्ठींचा गुलाम होईल. राज्यसभेच्या पद्धतीत या भीतीला जागा आहे, कारण तिथे मतपत्रिका दाखवायची असते ती फक्त स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला. जून २०२२ मध्ये आमदार सुहास कांदे यांचे मत याच दाखवण्याच्या नियमावरून बाद झाले. म्हणजे २००३ च्या दुरुस्तीने मतपत्रिका पक्षापुढे उघडली. मतदारापुढे ती बंदच राहिली. अपक्षाने तर ती कोणालाच दाखवायची नसते. दुरुस्ती अर्धी झाली, म्हणून मागे फिरायचे नसते. उरलेली अर्धी पुरी करायची असते. शिवाय या मतदानासाठी पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी जात नाही. श्रेष्ठी पक्षातून काढतील, मतदारसंघातून नाही.

मतदारसंघ काय करतो, ते हिमाचलमध्ये दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेसाठी सहा काँग्रेस आमदारांनी उघडपणे विरोधात मत दिले, ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि अभिषेक मनु सिंघवी चिठ्ठीवर हरले. पुढे अर्थसंकल्पावेळी पक्षादेश मोडल्यावरून ते सहा अपात्र ठरले आणि भाजपतर्फे पोटनिवडणुकीत उतरले. चार हरले, दोन जिंकले. खुल्या मताने फाटाफूट थांबली नाही, हे मी मान्य करतो. पण सहाही जागी मतदाराला नाव ठाऊक होते. त्याने एकाला पाडले, दुसऱ्याला स्वीकारले. महाराष्ट्राच्या मतदाराला नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ही संधीच मिळाली नाही.

पक्ष यावर काय म्हणतील, ते त्यांच्या खुर्चीवर ठरेल. महाविकास आघाडीने डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभाध्यक्षांची गुप्त निवड बंद करणारा नियम केला, तेव्हा भाजपने कडाडून विरोध केला. ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले ते शिरगणतीनेच. ज्यांनी नियम केला ते हरले, ज्यांनी विरोध केला ते जिंकले. मात्र त्या दिवशी प्रत्येक आमदार नाव सांगून उभा राहिला आणि त्याच्या मतदारसंघाने ते पाहिले.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतील मतदार तुमच्याआमच्यासारखे सामान्य नागरिक. त्यांची गुप्तता राहिलीच पाहिजे. परंतु परिषदेच्या ७८ पैकी ज्या ३० जागा विधानसभेचे आमदार भरतात, त्यांचे मतदान खुले व्हावे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ५९ व्या कलमात राज्यसभेसाठी जोडलेले परंतुक या जागांनाही लागू करावे, आणि निकालाच्या दिवशीच आमदारनिहाय पसंतीक्रम राजपत्रात छापावा. हा बदल संसदेच्या हाती आहे. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांपैकी तुमचा जो असेल, त्याला याबद्दल लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.